दोरा

आधी नुसता पुठ्ठा असायचा.
पाकीट चेपू नये, सिगारेटी मोडू नयेत म्हणून,
कोरा, राखाडी, कुणी बघायचंही नाही त्याच्याकडे.
मग न्यूयॉर्कहून पेट्या आल्या,
आणि मुकादम मिस्टर गॅन्ट म्हणाले,
"मुलींनो, आजपासून पुठ्ठ्याला तोंड आहे."

दहा सिगारेटी, एक माणूस.
दहा सिगारेटी, एक माणूस.
रिचमंडच्या त्या लांबलचक माडीवर खिडक्या बंद,
वारा लागला की पान वाळतं ना.
आम्ही साठ जणी दिवसभर
मिशाळ बेसबॉलवाले डबीत झोपवत होतो.
खालच्या मजल्यावर देठ काढणाऱ्या काळ्या बायका गायच्या,
फळ्यांच्या फटींतून सूर वर यायचा.
त्यांच्यातल्या कुणाचा भाऊ
माझ्या हातून कधी पाकिटात गेला नाही.

माझ्या वाट्याला फार यायचा
बफेलोचा डेनिस मॅकगरी.
मागे रंगवलेलं कुंपण, पायाखाली गालिचा,
दोन्ही हात पुढे, आणि चेंडू,
नीट बघा,
चेंडू छतापासून दोऱ्याने टांगलेला.
तो झेलत नव्हता काही.
फोटोवाल्याने हलू नकोस म्हटलं, तो हलला नाही.
मागच्या बाजूला सिगारेटचं नाव
त्याच्या नावाच्या चौपट मोठं.

दोरा एकदा दिसला की
मग दिसतच राहतो.

आमचा ऑरिन नऊ वर्षांचा.
शाळा सुटली की तंबाखूच्या दुकानाच्या दाराशी उभा,
बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या खिशावर डोळा:
"साहेब, चित्र नको असेल तर द्या ना."
न देणारे बरेच. हसून डोक्यावर टपली मारणारेही.
मग तो घरी वळला.
बाबा जन्मभर तंबाखू चघळणारे,
त्यांना त्याने महिन्याभरात ओढायला लावलं.
पंच्याहत्तर कुपनांवर अल्बम होता, रंगीत, सोनेरी काठाचा.
धूर बाबांचा, चित्रं ऑरिनची, पगार माझा.
शनिवारी ज्या दारातून यायचा
सोमवारी त्याच दारातून आत.

ऑगस्टात बफेलोवाले खेळायला आले.
मॅकगरी चित्रापेक्षा बुटका निघाला, उन्हाने भाजलेला,
आणि पहिलाच उंच चेंडू त्याच्या हातून सुटला.
खऱ्या चेंडूला दोरा नसतो, मी मनात म्हटलं,
आणि उगाच लाज वाटली मला.

सामना संपल्यावर ऑरिन कुंपणाखालून घुसला,
कार्ड त्याच्यापुढे धरलं.
मॅकगरीने ते आधी पाहिलंच नव्हतं.
उलटं केलं, सुलटं केलं, अंगठ्याने घाम पुसला,
"केवढ्याला घेतलंस?"
"पाच सेंट. दहा सिगारेटींसकट."
"हं." फोटोच्या दिवशी त्याला काय मिळालं होतं
ते त्याने सांगितलं: एक पाकीट. तेही अर्धं.

मग तो जरा खाली वाकून म्हणाला,
"मी ठेवू का हे? आईला पाठवतो."
ऑरिनने विचार केला. खरंच केला, मी पाहिलं.
"डेट्रॉइटचा कुत्रेवाला आहे का तुमच्याकडे?
बदल्यात देईन."

त्या माणसाने दोन्ही खिसे चाचपले.
एका खिशात रुमाल होता.
कार्ड परत देताना
त्याने कडा दुमडू दिली नाही.

घरी येईपर्यंत मी ऑरिनशी बोलले नाही.
त्याला कळेना काय चुकलं.
मलाही नीट सांगता आलं नसतं,
त्याच्याकडे मॅकगरी तीन होते, एवढंच.

सोमवारी पुन्हा दहा आणि एक, दहा आणि एक.
जेवणाच्या भोंग्याआधी, मिस्टर गॅन्टची पाठ होती तेव्हा,
एका पाकिटात मी मॅकगरी दोन घातले.
धरलं असतं तर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली असती.
झाकण बसेना, दाबून बसवलं,
आतली एक सिगारेट मोडल्याचा आवाज आला.
पाकीट पेटीत, पेटी गाडीत.
बफेलोला गेलं की सव्हानाला,
कोण जाणे.